बेडई, पुरण आणि विषम अग्नी

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. सरदार, शिलेदार, कारकून, पुराणिक, वैद्य, आचारी अशी दख्खनेतली घरेच्या घरे तिथे वसली, आणि त्यांच्यामागून तुरीचे वरण, गोडा मसाला, मेतकूट, पुरणपोळी हा सगळा स्वयंपाकही आला. भूमी मात्र निराळी होती. गहू, हरभरा, बाजरी आणि मोहरीच्या तेलाचा हा मुलूख; मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जानेवारीतल्या पहाटे तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. दोनशे वर्षांत दोन्ही चुली एकमेकींत मिसळल्या. लष्करातल्या मराठी घरात आज सकाळी बेडई, म्हणजे उडीद घातलेली तळलेली पुरी, आणि बटाट्याची झणझणीत रस्साभाजी येते, दुपारी वरण-भात-पोळी होते, चार वाजता कचोरी किंवा समोसा, थंडीत गजक, चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हे. या ताटावर बसणाऱ्या ज्या माणसाच्या पोटात रोज संध्याकाळी गुबारा धरतो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातले काय सोडू? वैद्याकडे गेला तरी हाच, डॉक्टरांकडे गेला तरी हाच. माझे म्हणणे असे की हा प्रश्न चुकीचा नसला तरी दुसऱ्या क्रमांकाचा आहे. जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांनीही त्याला दुसराच क्रमांक दिला होता, आणि गेल्या पन्नास वर्षांतल्या प्रयोगांतून जे हाती आले आहे ते त्यांच्या क्रमाला बरेचसे दुजोरा देणारे आहे.

सुश्रुतसंहितेत अग्नीचे, म्हणजे पचनशक्तीचे, चार प्रकार सांगितले आहेत : सम, विषम, तीक्ष्ण आणि मंद. त्यातल्या विषमाग्नीचे वर्णन वाचताना आजचा कोणताही पोटविकारतज्ज्ञ थबकेल. हा अग्नी कधी अन्न नीट पचवतो, आणि कधी त्याच माणसाला पोट फुगणे, कळ येणे, वायू वर चढणे, जुलाब, पोटात जडपणा, आतड्यांत गुडगुड आणि कुंथणे भोगायला लावतो. म्हणजे रोगाची खूण अमुक एक लक्षण नसून लक्षणांची अनियमितता आहे. आज ज्याला इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात त्यातला रुग्ण नेमकी हीच तक्रार करतो : परवा हेच खाल्ले तेव्हा काही झाले नाही, आज मात्र पोट तट्ट फुगले. मंदाग्नीचा संबंध कफाशी, तीक्ष्णाचा पित्ताशी आणि विषमाचा वाताशी लावला आहे. इथला वात म्हणजे आतड्यातली हवा नव्हे. शरीरातली सगळी गती, ढकलणे, आकुंचन, बाहेर टाकणे, ही वाताची कामे मानली आहेत. त्यामुळे वातामुळे फुगलेले पोट असे शास्त्र म्हणते तेव्हा रोख हवा जास्त झाली याकडे कमी आणि हालचाल बिघडली याकडे अधिक असतो.

हा फरक कागदी वाटेल, पण प्रयोगशाळेत तो उभा राहिला आहे. अमेरिकेतील मायकेल लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक सोपा प्रश्न विचारला : पोट फुगण्याची तक्रार करणाऱ्यांच्या आतड्यात खरोखर जास्त वायू असतो का? आर्गॉन वायू वेगाने आत सोडून आतड्यातला सगळा वायू धुऊन बाहेर काढला आणि मोजला. दोन्ही गटांत तो साधारण २०० मिलिलिटरच्या आगेमागेच निघाला. रुग्ण आणि निरोगी यांच्यात म्हणण्याजोगा फरक नव्हता. पुढे बार्सिलोनातल्या फर्नांडो अझपिरोझ यांच्या गटाने सीटी स्कॅन काढून आणखी पुढची गोष्ट दाखवली. पोट डोळ्यांना दिसेल इतके फुगलेले असताना अनेक रुग्णांत आतला वायू थोडाच वाढलेला होता. बदललेली होती ती श्वासपटलाची आणि पोटाच्या भिंतीची ठेवण. निरोगी माणसाच्या पोटात वायू वाढला की श्वासपटल वर सरकते आणि पोटाचे स्नायू आवळतात. या रुग्णांत उलटे होते, श्वासपटल खाली येते आणि पुढची भिंत सैल पडते. आत जागा तेवढीच, वायू जवळपास तेवढाच, तरी कपडे घट्ट होतात. ज्यांच्या आतड्याची हालचालच मुळात गंभीररीत्या बिघडलेली असते त्यांच्यात मात्र वायू खरोखर साठलेला सापडला, तेव्हा सगळ्यांना एकाच मापाने मोजता येत नाही. तरी बहुसंख्यांची गोष्ट हवेच्या प्रमाणाची नसून ती हवा पुढे नेण्याची, सोसण्याची आणि बाहेर सोडण्याची आहे, इतके यातून ठरते. आणि तसे असेल तर 'वायू निर्माण करणारे पदार्थ बंद' हा एकमेव उपाय अर्ध्या रस्त्यावरच थांबणार.

इथे कोणी म्हणेल की हे मागाहून शहाणपण आहे; आधुनिक शोध लागल्यावर जुन्या शब्दांत तो वाचायचा आणि पूर्वजांना सर्वज्ञ ठरवायचे. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊ नये. सुश्रुताला श्वासपटलाचे हे वर्तन ठाऊक नव्हते, मोठ्या आतड्यातले जिवाणू हायड्रोजन बनवतात हेही नव्हते, आणि त्याच्या वात-पित्त-कफाला प्रयोगशाळेत वेगळे काढता येत नाही. पण उपपत्ती आणि निरीक्षण या दोन वस्तू आहेत. उपपत्ती कालबाह्य झाली तरी हजारो रुग्ण पाहून केलेले निरीक्षण टिकू शकते, आणि त्या निरीक्षणातून निघालेला सल्ला स्वतंत्रपणे तपासता येतो. इथे मी तेवढेच करतो आहे.

तर सल्ला काय होता? चरकाने विमानस्थानात आहाराचा विचार करताना आठ बाजू मांडल्या आहेत. पदार्थाचा स्वभाव त्यातली एकच. बाकीच्यांत संस्कार म्हणजे रांधण्याची पद्धत, संयोग, मात्रा, देश, काळ, खाण्याचे नियम आणि खाणारा माणूस हे येतात. जेवण गरम असावे, स्निग्ध असावे, बेताचे असावे, आधीचे पचल्यावर घ्यावे, फार भरभर नको आणि फार रेंगाळतही नको, बडबड आणि हसणे आवरून मन लावून घ्यावे. पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक दोषांच्या हालचालीला मोकळा ठेवावा, असे चरक सांगतो; वाग्भट चार भाग करून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवतो. यातली अपथ्याची यादी तेवढी आपल्या घरोघरी उरली आणि बाकीचे गळले. वांगे वातूळ, वाल वातूळ, हरभरा वातूळ हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना पाठ. अध्यशन, म्हणजे आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, आणि विषमाशन, म्हणजे वेळ आणि प्रमाण यांचा धरबंद नसणे, हे शब्द मात्र वैद्यांच्या पुस्तकांत राहिले. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिले तेव्हाही पदार्थांच्या गुणदोषांचीच नोंद भरघोस झाली. यादी करणे सोपे असते, शिस्त सांगणे कंटाळवाणे असते.

अध्यशनाला शरीरशास्त्रात एक नीट जागा आहे. जठर आणि लहान आतडे रिकामे असताना दर ९० ते १२० मिनिटांनी त्यांच्यातून आकुंचनाची एक लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले अन्नकण, जिवाणू आणि स्राव पुढे लोटते. तोंडात घास गेला की ही सफाई थांबते. दूध-साखरेचा चहा हाही या बाबतीत घासच. आता लष्करातल्या एखाद्या दुकानदाराचा किंवा कार्यालयातल्या बाबूचा दिवस डोळ्यांपुढे आणा : साडेआठला बेडई, दहाला चहा, साडेअकराला कोणी आले म्हणून पुन्हा चहा आणि नमकीन, दोनला जेवण, चारला कचोरी, सहाला चहा, रात्री साडेदहाला जेवण. चौदा तासांत त्या लाटेला पुरता मोकळा वेळ क्वचितच मिळतो. उन्हाळ्यात तर उन्हामुळे शहर दिवसा मिटून बसते आणि रात्री नऊनंतर बाजार फुलतो. चाट, कुल्फी आणि भरपेट जेवण सगळे झोपेच्या तोंडावर सरकते. चरकाने ग्रीष्मात हलके, गार, पातळ अन्न सांगितले ते याच ऋतूसाठी, आणि नेमका त्याच ऋतूत आपला दिवसाचा सर्वांत जड आहार सर्वांत उशिरा होतो.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये इरिटेबल बॉवेलसाठी जो पहिल्या पायरीचा सल्ला दिला, त्याच्या अग्रभागी कोणताही निषिद्ध पदार्थ नाही. नियमित वेळी जेवा, सावकाश जेवा, जेवण चुकवू नका, चहा-कॉफी तीन कपांवर थांबवा, फसफसणारी पेये कमी करा, अशी त्याची सुरुवात आहे. चरकाच्या सूचनांपासून हे फार लांब नाही. एक तेढ मात्र दिसते : नाइस म्हणते लांब अंतर पडू देऊ नका, आयुर्वेद म्हणतो भूक लागल्याशिवाय खाऊ नका. व्यवहारात दोन जेवणांत चार ते पाच तासांचे अंतर ठेवले की दोघांचेही समाधान होते. सकाळी आठ-साडेआठ, दुपारी एक, संध्याकाळी हवेच असेल तर पाच-साडेपाचला काही थोडे, आणि रात्री आठ-साडेआठला दिवसातले सर्वांत हलके जेवण. हे दोन आठवडे करून पाहिल्याशिवाय ताटातून काहीही वजा करू नये, असे मी ठामपणे म्हणेन. कारण वेळ आणि पदार्थ दोन्ही एकाच दिवशी बदलले तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही, आणि माणूस जन्मभर विनाकारण तुरीच्या डाळीला मुकतो.

आता पदार्थांकडे येऊ, कारण त्यांना दुसरा क्रमांक दिला तरी तो क्रमांक आहेच. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा जोडसाखरा असतात. त्या तोडणारा विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही. म्हणून त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. या साखरा पाण्यात विरघळतात, ही आपल्या कामाची गोष्ट. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकले की त्यांचा बराच भाग जातो. मोड आणले की दाणा स्वतःच त्या वापरून टाकतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडे करण्याची जी किचकट रीत आहे तिचा हा फायदा आहे. चरक ज्याला संस्कार म्हणतो तो हाच : पदार्थ बदलला नाही, त्याचे वागणे बदलले.

पुरणाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. हरभऱ्याची डाळ शिजवून तिचे पाणी निथळून काढतात, मग तिच्यात गूळ, जायफळ, वेलची किंवा सुंठ पडते आणि वर तुपाची धार. म्हणजे हरभऱ्यासारख्या वातूळ डाळीतून विरघळणाऱ्या साखरांचा एक मोठा वाटा शिजवतानाच बाजूला होतो. आणि मग तो निथळलेला कट आपण काय करतो? टाकतो थोडाच, मसाला, खोबरे घालून त्याची आमटी करतो आणि त्याच पंगतीत दोन वाट्या पितो. होळीच्या दुपारी पोट फुगले की बोल पोळीला लावला जातो. मला संशय कटाच्या आमटीचा अधिक येतो. ज्याचे पोट नाजूक आहे त्याने पोळी खावी आणि आमटी वाटीच्या तळाशी चाखावी. याच डाळीची चैत्रातली कैरीची डाळ ही उलट टोकाची गोष्ट आहे : भिजवलेली पण न शिजवलेली, म्हणून साखरांबरोबर कच्चा स्टार्चही मोठ्या आतड्यापर्यंत पोचवणारी. हळदीकुंकवाला ती चमचाभरच वाढतात हे बरे आहे. वर हिंग-मोहरीची फोडणी असते, पण तिने ते ओझे नाहीसे होत नाही.

हिंगाबद्दल दोन शब्द, कारण ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेले हाथरस हे हिंगावर प्रक्रिया करणारे देशातले मोठे केंद्र आहे. कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. भारतात त्याची लागवड हिमाचलातल्या लाहौल भागात २०२० मध्ये पालमपूरच्या संस्थेने पहिल्यांदा केली. आपल्या डबीत जो असतो तो मैदा किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळून सौम्य केलेला हिंग. फोडणीत तो चिमूटभर असतो आणि त्यापासून मोठ्या चमत्काराची अपेक्षा करू नये. हिंगाष्टक चूर्ण ही अधिक विचारपूर्वक केलेली रचना आहे : सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग, आणि ते तुपात कालवून पहिल्या घासाबरोबर घ्यायचे. घटक साधे आहेत, सुंठीचा जठर लवकर रिकामे करण्याचा गुण मोजलाही गेला आहे. पण तैवानमधल्या ज्या प्रयोगात अपचनाच्या रुग्णांना आले देऊन हे मोजले, त्यात जठर लवकर रिकामे होऊनही रुग्णांच्या त्रासात फरक पडला नव्हता. चूर्णाने थोडा आराम पडू शकतो, मुळातले वेळापत्रक ते दुरुस्त करणार नाही. रक्तदाब असेल तर त्यातल्या सैंधवाचा हिशेबही धरावा.

यादीवरचा आंधळा विश्वास कसा फसवतो ते बेडईवरून कळते. बेडईत उडीद असतो, आणि घरगुती यादीप्रमाणे उडीद वातूळ. चरकाच्या सूत्रस्थानात मात्र उडीद वातहर सांगितला आहे. त्याचा दोष वात वाढवण्याचा नसून गुरू, म्हणजे जड असण्याचा आहे. मग बेडईने पोट फुगते ते का? तेलामुळे. चरबी आतड्यात उतरली की जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि चरबीच्या हजेरीत आतड्यातला वायू पुढे सरकणेही मंदावते, हे बार्सिलोनाच्याच प्रयोगांत दिसले आहे. त्यावर मैदा-गव्हाचे पीठ, बटाटा, भाजीतले तिखट आणि घाईघाईत उभ्याने खाणे. डिसेंबरच्या थंडीत, भुकेच्या पोटी दोन बेडया खाऊन दुपारपर्यंत काही न घेणारा माणूस त्या बहुधा पचवतो. हेमंतात अग्नी प्रबळ असतो असे म्हणणाऱ्या ऋतुचर्येला निदान इथे अनुभवाचा आधार मिळतो. जुलैत, दमट हवेत, घाम फुटलेला असताना, रात्री अकराच्या जेवणावर त्याच दोन बेडया चढवल्या की हिशेब बदलतो. वर्षा ऋतूत अग्नी मंद आणि वात कुपित असे चरक म्हणतो, आणि पावसाळ्यात पोटाचे संसर्गही वाढतात, तेव्हा बाहेरचे तळण पावसाचे दोन-अडीच महिने जवळजवळ बंद ठेवणे हा मला सर्वांत कमी त्रासाचा आणि सर्वांत फायद्याचा नियम वाटतो.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि सू शेफर्ड यांनी २००५ पासून ज्या फॉडमॅप आहाराची मांडणी केली, ती मात्र यादीच आहे आणि तिच्या बाजूने पुरावाही चांगला आहे. कांदा, लसूण, गहू, कडधान्ये, दूध, आंबा, सफरचंद यांतल्या आंबणाऱ्या साखरा काही आठवडे कमी केल्या की पुष्कळ रुग्णांचे पोट उतरते. मग माझा क्रम कोसळतो का? मला वाटते नाही. ही यादी तिच्या कर्त्यांनीच चार-सहा आठवड्यांपुरती सांगितली आहे. त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून कोणता बाधतो ते पाहायचे असते. आपल्याकडे मात्र 'बंद' हा शब्द एकदा उच्चारला की तो कायमचा होतो. ज्वारी-तांदळाकडून गव्हाकडे आलेल्या घरांत गव्हातले फ्रुक्टॅन रोज तीनदा पोटात जाते, तेव्हा एका वेळची पोळी बदलून भात, ज्वारी किंवा बाजरीची भाकरी ठेवून पाहणे शहाणपणाचे. दुधाऐवजी ताक हा आयुर्वेदाचा आवडता सल्ला इथे शरीरशास्त्राशीही जुळतो, कारण विरजताना लॅक्टोजचा काही भाग जिवाणू संपवतात आणि पाणी घातल्याने उरलेले पातळ होते. भाजलेले जिरे आणि किंचित मीठ घातलेले, लोणी काढलेले ताक दुपारच्या जेवणाच्या शेवटी घ्यावे. रात्री दही टाळावे हे चरकाचे मत; त्याला प्रयोगाचा आधार मला माहीत असलेल्या संशोधनात नाही, पण रात्री हलके जेवायचे असेल तर ते आपोआप पाळले जाते. उपासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याचे कूट भरपूर तुपात परतून 'एकादशी आणि दुप्पट खाशी' करणाऱ्यांनी लंघनाचे श्रेय मागू नये. लंघन म्हणजे मुगाचे कढण किंवा पेज घेऊन एक वेळ पोटाला खरोखर हलके ठेवणे.

हालचालीचा मुद्दा आपण सर्वांत कमी मोलाचा धरतो आणि तोच सर्वांत स्वस्त आहे. शतपावली आता मराठी माणसाच्या बोलण्यातच उरली आहे. इराणमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोट फुगणाऱ्यांपैकी काहींना आतड्याची गती वाढवणारी औषधे दिली आणि काहींना प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटे सावकाश चालायला लावले. चार आठवड्यांनी चालणारे औषधवाल्यांच्या मागे पडले नव्हते. उभे राहिल्याने आणि हलक्या हालचालीने आतड्यातला वायू लवकर बाहेर पडतो, हेही वेगळे मोजले गेले आहे. वामकुक्षीचा क्रम म्हणूनच शतपावलीनंतरचा. आयुर्वेद दिवसाच्या झोपेला ग्रीष्म सोडून नाहीच म्हणतो, तेव्हा ग्वाल्हेरच्या मे महिन्यात तेवढी सवलत घ्यावी, पण जेवणाच्या पाटावरून थेट खाटेवर जाऊ नये.

आणि वेगधारण. चरकाने जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितले त्यात मलवेग आणि अधोवायू दोन्ही आहेत, आणि ते अडवल्याने पोट फुगते, दुखते असे स्पष्ट म्हटले आहे. जर्मनीत १९९० मध्ये निरोगी तरुणांना आठवडाभर शौचाची इच्छा दाबायला लावली. त्यांच्या आतड्याचा प्रवास मंदावला. बद्धकोष्ठ शिकता येते, असा त्याचा अर्थ. २६ देशांतल्या ५१ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत आठवड्यातून एकदा तरी पोट फुगणारे १८ टक्के निघाले आणि स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट होते. याला संप्रेरकांसारखी शारीरिक कारणे आहेतच. पण जिथे शाळेत, बाजारात, कचेरीत मुलींसाठी स्वच्छ शौचालय नाही, किंवा एकत्र कुटुंबात सुनेने सकाळी आधी सगळ्यांचा चहा करायचा आणि मग स्वतःकडे पाहायचे, तिथे वेगधारण हा आहाराचा नाही, घराच्या आणि नगरपालिकेच्या व्यवस्थेचा रोग आहे. ओव्याच्या पाण्याने तो बरा होणार नाही. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग दहा मिनिटे कोणी हाक न मारणारी, हे त्या घरातले औषध.

एवढे सगळे एकत्र करून पाहिले तर काय होते? बर्लिनमध्ये ६९ रुग्णांवर झालेली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी इथे महत्त्वाची आहे. इरिटेबल बॉवेलच्या अर्ध्या रुग्णांना आयुर्वेदिक आहारसल्ला आणि उरलेल्यांना फॉडमॅपसह प्रचलित आहारसल्ला चिठ्ठी टाकल्यासारखा वाटून दिला. तीन महिन्यांनी आयुर्वेदाच्या गटाचा त्रास अधिक उतरला होता. आयुर्वेदप्रेमींनी याचा झेंडा करण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. कोणाला कोणता सल्ला मिळाला हे रुग्णाला ठाऊक होते, ते लपवणे आहाराच्या चाचणीत शक्यच नसते. आणि ६९ ही संख्या लहान आहे. अपेक्षेने आणि आस्थेने बोलणाऱ्या वैद्याने पोटाला किती बरे वाटते, हे या आजारात ठळकपणे दिसते. पण टीकाकारांनाही एक प्रश्न विचारावा लागेल : प्रचलित गटालाही आहारतज्ज्ञ मिळाला होता, अपेक्षा त्यांनाही होतीच. माझा निष्कर्ष मर्यादित आहे. माणूस पाहून, वेळ-मात्रा-ऋतू धरून दिलेला सल्ला यादीपेक्षा वाईट ठरत नाही आणि कधी बरा ठरतो. ग्वाल्हेरमध्ये आमखो भागात केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेची संस्था आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि १९४६ पासूनचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अशी चाचणी बेडई खाणाऱ्या पोटांवर करायला या शहरापेक्षा सोयीची जागा क्वचितच सापडेल.

चूर्णांच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. सनाय असलेली 'पोट साफ' चूर्णे वर्षानुवर्षे रोज घेणारे पुष्कळ आहेत. तशी रोजची सवय लावून घेऊ नये. जेवणानंतर सोडा-लिंबाचा ग्लास ढेकर काढतो, पण त्या ढेकरातला बराचसा वायू त्या ग्लासातूनच आलेला असतो. इसबगोल बद्धकोष्ठावर उपयोगी, मात्र अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर, हळूहळू वाढवत. एकदम दोन चमचे घेतले तर तेही फुगवते. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची २००८ मध्ये अमेरिकेत तपासणी झाली तेव्हा दर पाचांतल्या एकात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. पोट फुगण्यासाठी भस्मे आणि रसौषधी कोणी फोनवर सुचवली तर ती घेऊ नयेत. जी औषधे आधीच चालू आहेत त्यांच्याकडेही एकदा पाहावे : मधुमेहासाठीची व्होग्लिबोज आणि अकार्बोज ही मुळात पिष्टाचे पचन लांबवतात, त्यामुळे आंबवण वाढते; मेटफॉर्मिनही काहींना फुगवते. या रुग्णाने कांदा सोडण्यापेक्षा डॉक्टरांशी गोळीविषयी बोलावे.

शेवटी जे आहार-विहाराच्या कक्षेत नाही ते. वजन घटत असेल, शौचात रक्त असेल, रक्त कमी झाले असेल, झोपेतून उठवणारी कळ असेल, ताप येत असेल, पोटात पाणी साठल्यासारखे कायम फुगलेले असेल, तर सुंठीच्या पाण्यावर महिना घालवू नये. आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून आहे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले आणि आठवडेच्या आठवडे न उतरणारे फुगणे स्त्रियांत बीजांडाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, तिथे सोनोग्राफी आधी. आणि उत्तर भारतात एक तपासणी विसरून चालणार नाही. गव्हातल्या ग्लूटेनने आतडे खराब करणारा सीलिॲक रोग हरियाणातल्या पाहणीत शंभरात एकाहून थोडा जास्त आढळला, तर भात खाणाऱ्या वेल्लोर भागात हजारात एकाच्या आसपास. म्हणजे गव्हाच्या पट्ट्यात राहणाऱ्या, वर्षानुवर्षे पोट फुगणाऱ्या आणि फिकट पडलेल्या माणसाचा आजार वेळापत्रकाचा नसून याच रोगाचा असण्याची शक्यता खरी आहे. रक्तातल्या टीटीजी प्रतिपिंडांच्या तपासणीने तो पकडता येतो, पण गहू चालू असतानाच. कोणाच्या तरी सांगण्यावरून पोळी दोन-तीन महिने बंद केलेली असेल तर ते प्रतिपिंड उतरतात, अहवाल निर्दोष येऊ शकतो, आणि खरा रोग तसाच राहतो. तपासणी आधी, गहू सोडणे नंतर. आणि ती करताना डबीतल्या हिंगात पीठ असते हेही डॉक्टरांना सांगावे.